कॉलेजची वही आणि अम्मीचे जेवण

माझी भाची गेल्या वर्षी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला गेली. प्रवेशाचा फॉर्म भरायला ती माझ्याकडे आली होती. तिची अम्मी, म्हणजे माझी धाकटी बहीण, आठवीपर्यंत शिकलेली आणि अब्बा कुवेतला ड्रायव्हर. फॉर्म भरता भरता एका रकान्यापाशी आम्ही दोघी अडलो. आरोग्य व स्वास्थ्य, योग, क्रीडा, एनएसएस, सांस्कृतिक उपक्रम, यांपैकी एक विषय निवडायचा होता. एनएसएसचे शिबिर म्हणजे सात दिवस बाहेरगावी राहणे, त्याला घरून परवानगी मिळणार नव्हती. खेळ संध्याकाळी असतात आणि आमच्या गावाची शेवटची एसटी साडेपाचला सुटते. शेवटी उरला तो ‘हेल्थ अँड वेलनेस’.

“खाला, मैत्रिणी म्हणतात हा सगळ्यात सोपा आहे. दोन क्रेडिट फुकट मिळतात.”

बहिणीने ऐकले तेव्हा ती म्हणाली, “वेळेवर जेवावं, झोपावं, हात धुवावेत, हे शिकायला आता कॉलेजात पैसे भरायचे?” मीही हसले. आज ते हसू मला परत घ्यावेसे वाटते.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मुलामुलींच्या वेळापत्रकात हा विषय असेल आणि घरात त्याकडे कुणी वळूनही पाहिले नसेल. म्हणून आधी तो काय आहे ते सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी शिक्षणाचा नवा आराखडा जाहीर केला. त्यात मुख्य विषयांबरोबर सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी काही सामाईक विषय सुचवले. आरोग्य, योग, खेळ व तंदुरुस्ती हे त्यांतले एक. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ च्या निर्णयात हे विषय सह-अभ्यासक्रम म्हणून घेतले. आधी स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून इतर संलग्न महाविद्यालयांतही ही रचना लागू झाली. एका सत्राच्या साधारण २२ क्रेडिटपैकी २ या विषयाची. वर्गात शिकवायचे असेल तर एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे एकूण ३० तास. आहार, व्यायाम, झोप, ताणतणाव, व्यसने, संसर्गजन्य आजार, मधुमेह-रक्तदाबासारखे आजार, प्रजनन आरोग्य, प्रथमोपचार, एवढे सगळे या तीस तासांत बसवायचे असते. आमच्या भाचीच्या कॉलेजात हा तास भूगोलाच्या मॅडमना दिला होता, कारण त्यांचे तास कमी भरत होते.

पण मुळात विषय नवा नाही. अमेरिकेत ॲमहर्स्ट नावाचे कॉलेज आहे. तिथले अध्यक्ष विल्यम स्टर्न्स हे विद्यार्थ्यांची प्रकृती अभ्यासापायी खालावते, काही जण दगावतात, हे पाहून अस्वस्थ झाले होते. कॉलेजने आरोग्य व शारीरिक शिक्षण असा स्वतंत्र विभाग काढला आणि १८६१ मध्ये एडवर्ड हिचकॉक या डॉक्टरला त्याचे प्राध्यापक नेमले. हिचकॉक व्याख्याने देत, व्यायाम करून घेत, आणि दर वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याची उंची, वजन, छाती, ताकद मोजून वहीत लिहून ठेवत. हे काम त्यांनी अनेक वर्षे चालवले. पुढे ‘वेलनेस’ हा शब्द आला. हॅल्बर्ट डन या डॉक्टरचे त्या विषयावरचे पुस्तक १९६१ मध्ये निघाले आणि १९७६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका विद्यापीठाचे डॉक्टर बिल हेटलर यांनी स्वास्थ्याची सहा अंगे मांडली : शरीर, भावना, बुद्धी, समाज, अध्यात्म आणि व्यवसाय. आपल्या आयोगाच्या आराखड्यातही सहाच अंगे आहेत, फक्त व्यवसायाच्या जागी पर्यावरण आले आहे. ज्या घरातला कमावता माणूस पंधरा वर्षे वाळवंटात रात्रपाळीला गाडी चालवतो, त्या घराला व्यवसायाचे अंग गाळलेले परवडत नाही, असे मला आपले वाटते.

आणि आपल्याकडे तर हा धडा फार जुना आहे. अकराव्या शतकात इब्न सिना यांच्या ‘अल-कानून’मध्ये ज्या सहा गोष्टींवर माणसाचे आरोग्य टिकते असे सांगितले, त्यांना युनानी वैद्यकात ‘अस्बाब-ए-सित्ता जरूरिया’ म्हणतात. हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जाग, आणि शरीरातून काय बाहेर पडते, काय राखले जाते. ग्रीक हकीम जालिनूसपासून आलेला हा विचार मुस्लिम हकिमांनी वाढवला. आजही युनानी महाविद्यालयांत तो पहिल्या पाठांपैकी असतो. भाचीच्या वहीतली अनुक्रमणिका मी पाहिली तेव्हा या सहा गोष्टीच इंग्रजी कपडे घालून उभ्या होत्या. मनाची हालचाल वेगळी मोजली पाहिजे, हे हजार वर्षांपूर्वीच्या हकिमांना कळत होते, ही गोष्ट मला जास्त भावते. आपल्या घरांत ते अजून कळायचे आहे.

आता वहीकडे येते. पहिले दोन महिने वर्ग कंटाळवाणा होता, असे भाची सांगते. मॅडम पडद्यावर चित्रे दाखवत. संतुलित आहाराच्या चित्रात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. आमच्याकडे तांदळाची भाकरी, सुकट, कुळथाचे पिठले, जुम्म्याला मटण. यातले त्या पडद्यावर काहीच नव्हते. मग मॅडमनी एक काम दिले. सात दिवस स्वतःची नोंद ठेवायची : कधी उठले, किती झोपले, काय व कधी खाल्ले, पाणी किती प्याले, किती चालले, मोबाईल किती वेळ पाहिला, आणि दिवसअखेर मन कसे होते ते एका शब्दात. शिवाय घरातल्या एका मोठ्या माणसाची अशीच नोंद. या एका कामासाठी मी त्या भूगोलाच्या मॅडमना शंभर गुण देईन.

भाचीने अम्मीला निवडले. पहिल्या दिवसाचे पान मी स्वतः पाहिले आहे. उठणे ५.१०. फजरनंतर चहा. आठ वाजता पुन्हा चहा, खारीबरोबर उभ्याउभ्या. नाश्त्याचा रकाना कोरा. दुपारचे जेवण ३.३५ : भात, रस्सा, कालचा पाव. चार वाजता चहा. रात्रीचे जेवण १०.४० : ‘उरलेले’. पाणी : ‘माहीत नाही’. चालणे : ‘घरातच’. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाचा रकानाही कोरा, कारण सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे होते आणि आल्यावर भूक मेली. सातपैकी तीन दिवस असे.

जुम्म्याच्या दिवशीची नोंद वाचून मी थांबले. घरात अर्धा किलो मटण आणले होते. भाचीने प्रत्येकाच्या ताटात काय पडले तेही लिहिले होते. धाकट्या भावाला चार बोट्या, दादाला तीन, चाचा आले होते त्यांना चार, दादीला मऊ बघून दोन, तिला स्वतःला दोन. अम्मीपुढे : ‘रस्सा, एक बटाटा’.

आपल्यात एक समज पक्का बसलेला आहे. आपण मांसाहार करतो, त्यामुळे आपल्या बायकांना रक्त कमी असण्याचे कारण नाही. तो शाकाहाऱ्यांचा आजार. मटण, कलेजी, मासे यांतले लोह शरीराला भाजीतल्या लोहापेक्षा सहज मिळते, हे खरेच आहे. पण हंडीत मटण शिजले म्हणजे ते घरातल्या सगळ्यांच्या पोटात गेले असे होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. महाराष्ट्रातल्या स्त्रियांचा आकडा ५४ टक्क्यांच्या आसपास होता आणि आधीच्या फेरीपेक्षा तो वाढला होता. प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. म्हणजे ज्याला जास्त हवे त्याच्याच ताटात कमी पडते.

भाचीच्या वहीतली दुसरी गोष्ट चहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या, एकूण सतरा. त्यात चहा-कॉफी जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास घेऊ नये असे सांगितले आहे, कारण चहातले टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवते आणि ते अंगी लागत नाही. बहीण दिवसातून पाच वेळा चहा घेत होती आणि त्यातला एकही अन्नापासून लांब नव्हता. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. आमच्या दारात पेरूचे झाड आहे. त्याची फळे पोरे आणि वटवाघळे खातात.

वही पाहून भाचीच्या मनात शंका आली. वर्गात रक्तक्षयाची लक्षणे शिकवली होती : थकवा, जिना चढताना धाप, डोके जड होणे, नखे व पापण्यांच्या आतला भाग पांढरट. तिने अम्मीची खालची पापणी ओढून पाहिली, तशीच माझीही पाहिली. बहीण म्हणाली, “आपा, वयच झालं आता. त्रेचाळीस म्हणजे काय कमी?” दोन आठवडे ती टाळत राहिली. मग एका सोमवारी भाची कॉलेज बुडवून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेली. बोटाला टोचून हिमोग्लोबिन तपासले, फुकट. ८.७ निघाले. गरोदर नसलेल्या स्त्रीचे ते १२ च्या वर हवे. ८ ते १०.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय, ८ च्या खाली तीव्र.

तिथल्या डॉक्टर बाईंनी भाचीला बाहेर बसायला सांगितले आणि बहिणीला पाळीबद्दल विचारले. तेव्हा कळले की दीड वर्षापासून तिला दर महिन्याला नऊ-दहा दिवस रक्तस्राव होत होता. कापडे दिवसातून सहा-सहा वेळा बदलावी लागत. हे तिने कुणालाच सांगितले नव्हते, मलाही नाही, आणि आमची घरे पन्नास पावलांवर आहेत. “या वयात होतंच असं,” एवढेच. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ दिसली. अशा गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात, पण रक्त मात्र महिन्यामागून महिने काढून घेतात. उपचार सुरू झाले. लोहाच्या गोळ्या तिला केंद्रातूनच मिळाल्या.

गोळ्यांबद्दल एक-दोन गोष्टी इथेच सांगते, कारण अर्ध्या बायका त्या आठ दिवसांत सोडून देतात. शौच काळी होते, त्याने घाबरू नये. पोट जड होते, बद्धकोष्ठ होते. तसे झाले तर डॉक्टरांना सांगून वेळ किंवा गोळी बदलून घ्यावी, आपल्या मनाने बंद करू नये. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर चालते. हिमोग्लोबिन वाढले म्हणून लगेच थांबवू नये, शरीरातला साठा भरायला आणखी काही महिने लागतात. आणि रक्त का कमी झाले याचा शोध घ्यावाच. नुसत्या गोळ्या म्हणजे भोक असलेल्या हंड्यात पाणी ओतणे.

आता माझी तक्रार सांगते. त्या अभ्यासक्रमात प्रजनन आरोग्याचा एक संपूर्ण घटक आहे. पाळी, तिचे विकार, गर्भाशयाचे आजार, सगळे छापलेले. तो घटक आला तेव्हा मागच्या बाकांवरची मुले हसली. मॅडमनी पुस्तक मिटले आणि म्हणाल्या, “हा भाग नोट्समधून वाचून घ्या, परीक्षेत फार येत नाही.” मॅडमना मी दोष देत नाही, त्यांनाही उद्या पालक विचारणार, मुलामुलींसमोर हे काय शिकवता? त्या पालकांत आपणही असतो. पण मुलींना एक तास वेगळे बसवून, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर बाईंना बोलावून हा धडा घेता आला असता. जो धडा सोडला, तोच माझ्या बहिणीच्या आजाराचा होता. भाचीने पापणी ओढून पाहिली, पण पाळीचा प्रश्न तिच्या तोंडून आला नाही. तो आईला विचारता येतो हेच तिला ठाऊक नव्हते.

दुसरी तक्रार ‘वैयक्तिक’ या शब्दाबद्दल आहे. पुस्तक असे बोलते की माणूस एकटा राहतो, स्वतःचे ताट स्वतः वाढून घेतो, वाटेल तेव्हा झोपतो आणि सकाळी बागेत चालायला जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. ठीक आहे. आमच्या गावात बाग नाही. रस्त्याला फुटपाथ नाही, डंपर धावतात. मोहल्ल्यातली बाई कामाशिवाय रस्त्यावरून झपझप चालली तर चार माणसे विचारतात, कुठे निघालीस? तेव्हा ती गच्चीवर चालते किंवा चालतच नाही. भाचीने यावर उपाय काढला. मगरिबच्या आधी अर्धा तास ती, तिची चाची आणि शेजारच्या दोघी गच्चीवर फेऱ्या मारतात. गच्ची छोटी आहे, म्हणून आठ-आठ फेऱ्यांनंतर उलट्या दिशेने फिरतात, नाहीतर चक्कर येते. बहीण अजून त्यात नाही. डॉक्टरांनी रक्त भरेपर्यंत दमवू नका असे सांगितले आहे.

व्यसनांच्या धड्यात सिगारेट आणि दारूची चित्रे होती. भाची घरी येऊन म्हणाली, आपल्याकडे कुणी काही पीत नाही, या धड्यात आपल्याला काम नाही. मी तिला मोरीच्या खिडकीतली डबी दाखवली. दादीची मशेरी. भाजलेली तंबाखू आहे ती, दात घासायच्या नावाखाली दिवसातून चार वेळा हिरड्यांना लागते. आपल्या अनेक मोठ्या बायकांना आपण तंबाखूचे व्यसन करतो हेच माहीत नसते. मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला; मशेरीसारखी धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे इतरांपेक्षा सरासरी सुमारे १०५ ग्रॅम कमी वजनाची जन्मली आणि वेळेआधी बाळंत होण्याचे प्रमाणही जास्त दिसले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण मशेरी तर तंबाखू आणून घरीच तव्यावर भाजता येते. दादीने डबी सोडलेली नाही. घरातल्या नव्या सुनेला मात्र तिनेच सांगितले, तू हात लावू नको. हेही नसे थोडके.

भाचीच्या अब्बांची गोष्ट थोडक्यात. तिने फोनवर त्यांचा रक्तदाब विचारला. ते म्हणाले, व्हिसाच्या मेडिकलला सगळे ठीक होते. ते मेडिकल दोन वर्षांपूर्वीचे. शेवटी एका शुक्रवारी जाऊन त्यांनी तपासला : १५६/९८. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे ३५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब. दोन्ही आजार दुखत नाहीत, म्हणून कळत नाहीत. परदेशात एकटा राहणारा, लोणचे-पापडावर जेवण उरकणारा आणि रजेच्या दिवशी झोपून काढणारा माणूस हे दोन्ही घेऊन घरी परततो. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याएवढे, असा आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्यात सुकट, लोणचे, खारी, फरसाण यांतले मीठही धरायचे.

दुसऱ्या सत्रात रमजान आला. भाचीने वर्गात विचारले, “मॅडम, मधुमेह असलेल्याने रोजा धरावा का?” तिच्या नानीला, म्हणजे आमच्या अम्मीला, साखरेचा त्रास आहे. मॅडमना माहीत नव्हते आणि त्यांनी तसे सांगितले; शोधून ये, आपण वर्गात वाचू, म्हणाल्या. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि मधुमेह-रमजान विषयावर काम करणारे तज्ज्ञ यांनी मिळून यावर मार्गदर्शिका काढली आहे, तिची नवी आवृत्ती २०२१ ची. तिचा सार असा : रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे आणि आपला धोका किती ते ठरवून घ्यावे. गोळ्या व इन्सुलिनचे प्रमाण व वेळा त्यांच्याकडूनच बदलून घ्याव्यात. रोज्यात बोट टोचून साखर तपासावी, त्याने रोजा तुटत नाही. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, किंवा घाम, थरथर, भोवळ अशी लक्षणे दिसली, तर रोजा सोडावा. आजाऱ्याला शरीअतने सवलत दिलेली आहे, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तरी सवलत घेताना आपले बुजुर्ग अपराधी होतात. भाचीने हे वर्गात वाचून दाखवले. त्या दिवशी मागच्या बाकावरचे दोन मुलगे, त्यातला एक हिंदू, तास संपल्यावर तिच्याकडे आले. दोघांच्याही घरी मधुमेही होते आणि एकाची आजी नवरात्रात नऊ दिवस उपवास करते. नानीने डॉक्टरांच्या सल्ल्याने यंदा रोजे धरले नाहीत. पहिले चार दिवस ती कुणाशी बोलली नाही. इफ्तारच्या वेळी मात्र सगळ्यांबरोबर बसली.

मनाच्या रकान्याबद्दल सांगायचे राहिले. भाचीने स्वतःपुढे परीक्षेच्या आधीचे तीन दिवस ‘भीती’ लिहिले होते, एक दिवस ‘राग’, एक दिवस ‘छान’. अम्मीला विचारले की ती भांडी घासता घासता म्हणायची, “लिही, बरं.” सातही दिवस ‘बरं’. मॅडमनी वर्गात टेली-मानसचा क्रमांक फळ्यावर लिहून दिला, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. रात्री-अपरात्री कधीही, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आपणही लिहून ठेवावा. झोप उडालेली, जेवण सुटलेले, कोपऱ्यात बसून राहणारे पोर दिसले की आपण आधी नजर उतरवतो, दम करून आणतो. दुआ करावी, तिला कोण अडवते? पण त्याच आठवड्यात डॉक्टरही गाठावा.

सत्र संपले तेव्हा वही तपासून परत आली. वीसपैकी चौदा गुण. अम्मीच्या पानांवर कोऱ्या रकान्यांभोवती लाल पेनने गोल काढले होते आणि खाली शेरा होता : ‘नोंदी अपूर्ण. जेवणाच्या वेळा नियमित लिहाव्यात.’ भाची चिडली. “खाला, मी लिहायला विसरले नव्हते. त्या वेळी ती जेवलीच नव्हती.” मॅडमना जाऊन सांगते म्हणाली. बहिणीने अडवले, “जाऊ दे बेटा, सहा मार्कांसाठी काय भांडायचं!”

वही आता स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्याशेजारी असते. मागच्या कोऱ्या पानांवर भाचीने तारखा आखून दिल्या आहेत आणि गोळी घेतली की बहीण तिथे फुली मारते. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.४ झाले. परवा मी गेले होते तेव्हा सहज पान पाहिले, तर दोन दिवसांच्या जागा रिकाम्या. विचारले, तर म्हणाली, “आपा, घरी पाहुणे होते ना.”